आमच्या गच्चीवर हवाई हल्ला

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला, पण मी एकदा स्वतःच्याच घरावर हवाई हल्ल्याची शिफारस केली. तीही चार देशांच्या वतीने. कप खाली ठेवा आधी, सांडेल.

आयटीचे भरभराटीचे दिवस होते. कोथरूडमधल्या आमच्या कंपनीला एक परदेशी काम मिळालं. मित्रदेशांच्या हवाई दलांनी टेहळणीचे फोटो एकाच पद्धतीने वाचायचे, लक्ष्यही एकाच पद्धतीने ठरवायचं, म्हणजे एकाला पूल दिसला तर दुसऱ्यालाही पूलच दिसावा. त्यासाठीचं सॉफ्टवेअर आम्ही लिहीत होतो. डेमो जो चांगला देईल तो सहा महिने युरोपात!

मनातल्या मनात माझी बॅग भरून झाली होती. तेवढ्यात टीममध्ये आली सुजाता गायकवाड. विश्रांतवाडीची, माझ्यापेक्षा बरीच लहान, आणि पहिल्याच आठवड्यात ती जाडजूड नियमावली वाचून मोकळी. मॅनेजर उठसूट म्हणायचे, सुजाताला विचारा. मी जळायचो हो! तिच्या डब्यातल्या भाजीला चांगला वास आला तरी मला त्रास व्हायचा. त्यात माझ्या बायकोची आणि तिची गट्टी जमली. म्हणजे घरीसुद्धा मोकळेपणाने जळायची सोय नाही.

डेमोला परदेशी पाहुणे आले. खरे फोटो गुप्त, म्हणून सरावाला पुण्याचेच, छोट्या विमानातून काढलेले फोटो घेतले होते. एकाने काय दिसतं ते सांगायचं, दुसऱ्याने तपासायचं, असा नियम. सुजाताने पहिला फोटो पाहिला आणि सांगितलं की राहती इमारत आहे, गच्चीवर घरगुती सामान आहे, लष्करी काही नाही.

एवढंच? मला वाटलं, सापडली बाई!

तपासायला मी उठलो. ती मोठी थाळी म्हणजे रडार, मी सांगितलं. ती तिरकी, चकाकणारी चौकट क्षेपणास्त्रं सोडायची. आणि पांढऱ्या कापडावर शिस्तीत मांडलेले ते गोल? सुरुंग, दुसरं काय! मॅनेजरनी हळूच विचारलं, नक्की ना? शंभर टक्के, म्हणालो, आणि बटण दाबलं. चार देशांच्या चार पडद्यांवर लाल वर्तुळ उमटलं. माझी छाती अशी फुगली म्हणता!

"सर," सुजाता म्हणाली, "ही तुमचीच गच्ची आहे."

मला वरून कधी कुणी दाखवली होती का माझी गच्ची?

"ती डिश तुम्ही क्रिकेटसाठी बसवलीत. तो सोलर. आणि ते सुरुंग म्हणजे वहिनींचे साबुदाण्याचे पापड. मी खाल्लेत."

मॅनेजरनी पाहुण्यांना हे इंग्रजीत समजावलं. अगदी पापडासकट. पाहुणे हसून हसून लाल झाले. मग त्यांच्यातले सर्वांत वयस्कर गृहस्थ डोळे पुसत म्हणाले की युरोपात या बाईंनाच पाठवा. झालं, संपला विषय! पण माणूस नियमाचा पक्का. हल्ल्यानंतर नुकसानीचा अहवाल लागतो, तो तेवढा पुरा करा, असं त्यांनी तिला सांगितलं.

सुजाता शांतपणे टाइप करायला बसली. मोठ्या पडद्यावर, सगळ्यांच्या देखत. तिच्या इंग्रजीचं मराठी साधारण असं:

"इमारत शाबूत. पापड शाबूत. एक सीनियर इंजिनिअर कामातून गेला."