मेजरांच्या जीपची खोट

साताऱ्यात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. नाथाजी हवालदार म्हणून रिटायर झाले, पण ते सांगायला गेलं की लोक म्हणायचे, "असू द्या हो मेजर." मग त्यांनीही सांगणं सोडलं. बावीस वर्षं त्यांनी फौजेच्या गाड्यांच्या वर्कशॉपात काढलेली. त्यामुळं एमआयडीसीच्या अंगाला असलेलं त्यांचं घर म्हणजे जुन्या गाड्यांचा फुकट दवाखाना. सकाळी ज्याची गाडी सुरू व्हायची नाही तो इथं यायचा, आणि गाडीआधी त्याचीच हजेरी घेतली जायची.

"दिवं लागत्यात का? हॉर्न वाजतोय का? मग बॅटरीला कशाला शिव्या देतोयस? सेल्फ मारल्यावर नुसतं 'टक' हुतंय न्हवं? आधी अर्थिंग बघ. बॅटरीची ही वायर चासीला, म्हंजी गाडीच्या सांगाड्याला आवळलीय, तिथं लोखंडाला लोखंड भिडतंय का बघ. ते सोडून सेल्फ खोलाय निघालास व्हय रं, शहाण्या!"

आणि दहातल्या सात वेळा खोट तिथंच सापडायची. त्यानं झालं काय, की आपलंही कधी चुकू शकतं ही गोष्टच मेजरांच्या डोक्यातून पार निघून गेली. "माझं चुकलं" हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. लीलाबाईंनी तर लग्न झाल्यापासून नाहीच.

त्यांची स्वतःची जीप तीस वर्षांची. यंदा खंडेनवमीच्या पूजेआधी त्यांनी ती अंगभर रंगवून काढली, तीही फौजी पद्धतीनं. बोटभर जागा कोरी राहिली तर शपथ! वायरी सोडवून, बोल्ट काढून, सगळीकडं दोन-दोन हात मारले. पूजेला जीप नव्या नवरीसारखी चमकत होती. बघणारे म्हणाले, "वा मेजर!" मेजर म्हणाले, "मग!"

दसरा होऊन पंधरा दिवस झाले आणि जीपनं रंग दाखवला. कधी सुरू व्हायची, कधी नुसती टक. एका मंगळवारी बाजारात तिनं हूं की चूं केलं नाही. लीलाबाई पिशव्या घेऊन दोन तास उन्हात उभ्या राहिल्या आणि शेवटी एसटीनं घरी आल्या. ही बातमी सांगलीला पोचायला कितीसा वेळ लागतोय? विश्रामबागेतल्या ऑफिसात असलेला मुलगा वीरधवल रविवारी दारात हजर.

"आबा, वाटंत दगा देनारी गाडी तुमच्या हातात ठिवायची न्हाई," तो म्हणाला. "विट्याकडचा बिरदेव जुन्या जीप घेतो, त्याला दुपारी बोलावलंय. तुमच्या हातनं काय चुकलं आसंल तर जीप ऱ्हाऊ द्या. पर गाडीतच खोट आसंल, तर त्यो घिऊन जानार."

"कबूल," मेजर ताठ मानेनं म्हणाले. पण जीप गेली तर दिवसभर आपण करायचं काय, हे त्यांना सुचत नव्हतं.

सकाळभर त्यांनी बॅटरी चार्ज केली, सेल्फ खोलून पुसला, चावीचं स्विच बदललं. जीप म्हणाली, टक. खिडकीतून लीलाबाईंनी विचारलं, "आवं, लोकांना आधी अर्थिंग बघाय लावता. आपलं बघितलं का?"

"ती वायर मी सोता आवळलीय."

"मग?"

"मग काय मग? मी आवळलीय म्हटलं न्हवं!"

दुपारी बिरदेव आला. त्यानं बॉनेट उघडलं, सेल्फ मारायला लावला, टक ऐकलं आणि थेट अर्थिंगची वायर सोडवली. "मेजर, हितं वायरीखाली बी रंग हाय की वो! लय झ्याक दिलाय. पर रंगातनं करंट कसा जायाचा?" त्यानं पान्याच्या टोकानं रंग खरवडला, बोल्ट आवळला, चावी फिरवली. जीप एका दमात सुरू झाली.

"घरीच ठिवा," बिरदेव म्हणाला. "गाडीला काय धाड भरलीय?"

वीरधवललाही मनातून तेच हवं होतं. तो हसत म्हणाला, "आबा, रंग तुमीच दिलासा न्हवं? मग चुकलं म्हना, झालं. बिरदेवला चा पाजून लावून देऊ."

सगळे मेजरांकडं बघायला लागले. कुंपणापलीकडं दोन शेजारी मान वर करून उभे होते. दोघांनीही या अंगणात अर्थिंगवरून शिव्या खाल्लेल्या. मेजरांनी घसा खाकरला. शब्द ओठापर्यंत आला असावा, कारण ओठ हलले.

"रंग बराबरच दिलाय," ते म्हणाले. "फौजेत आसाच देत्यात."

"म्हंजी चूक गाडीची?" वीरधवलनं विचारलं.

"गाडीची."

लीलाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. वीरधवलनं बिरदेवला जीपमध्ये बसायची खूण केली. जीप सुरूच होती, घड्याळासारखी. ती फाटकातून बाहेर पडली, वळली आणि दिसेनाशी झाली.

मेजर डोळे पुसत होते. लीलाबाई जवळ आल्या तसे ते वसकन म्हणाले, "धूर किती सोडती बघ! मी म्हनलं न्हवं, तिच्यातच खोट हाय."