चार दगडांमधली जागा

आक्का गेल्याचं कार्ड पुण्याच्या कचेरीत माझ्या हातात पडलं. कोपरा फाडलेला होता, त्यामुळे वाचायच्या आधीच कळलं. माझी ही थोरली बहीण विशीच्या आत विधवा होऊन वेल्ह्याजवळच्या आमच्या घरी परतली आणि जन्मभर तिथंच राबली. तिच्यावर चार ओळी लिहाव्यात म्हणून दीड महिना बसतो आहे, पण लेखणी एका फुलापाशी अडते... ते सांगून टाकलंच पाहिजे.

एका साहेबाच्या बंगल्यातल्या माळ्याने मला कोलंबाइनच्या बियांची पुडी दिली होती. थंड हवेचं फूल. जांभळं, मान खाली घालून लोंबणारं, मागे शेपट्या असलेलं. आक्काला मी ते हवेत बोटाने काढून दाखवलं. पाऊस सरल्यावर तिने परसाच्या कोपऱ्यात बी पेरलं, माळ्याने सांगितल्याप्रमाणे वर माती न लोटता. महिनाभर काही उगवेना, तेव्हा मी तिची यथेच्छ चेष्टा केली. मग कोथिंबिरीसारखी पानं आली. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावत नसे, पण त्या हिवाळ्यात ती पानं बघायला बायका आमच्या परसात यायच्या. फूल दुसऱ्या वर्षी येणार होतं.

उन्हाळ्यात पानं वाळली. आक्का कामथडीला लग्नाला निघाली. "त्या कोपऱ्याला हात लावू नगंस दगू, मुळं जित्ती हाईत," एवढं बजावून गेली. मी रजेवर आलो होतो. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा होता, म्हणजे फांद्या, पाचोळा, शेण पसरून जमीन जाळायची. जागा वरच्या बांधाजवळ ठरली होती. तिथवर फांद्यांचे भारे वाहायचा मला कंटाळा आला, आणि कोपऱ्यात तर एक पानही दिसत नव्हतं. मी तिथेच राब पेटवला.

ती परतल्यावर मी थाप मारली, की मुळं आधीच कुजली होती, उपटून पाहिली मी. ती राखेपाशी जाऊन बसली. "माज्या हातालाच यश न्हाई..." एवढंच म्हणाली. हे तिला आयुष्यभर लोक सांगत आले होते. त्या दिवशी ते खोटं ठरवणं माझ्या हातात होतं आणि मी गप्प बसलो.

परवा गावी गेलो तेव्हा वहिनी परसात राब पसरत होती. कोपऱ्यात चार दगड मांडलेले होते आणि मधली जागा तिने मोकळी सोडली होती. मी विचारलं.

"आक्कास्नी राखंखाली मुळं घावली व्हती, भावजी. धड व्हती, वरनं करपल्याली. तवापासनं हितं कुनाला भाजू दिलं न्हाई त्यांनी. सांजच्याला तांब्याभर पानी घालायच्या. म्हनायच्या, दगूला बोलू नगा, लई लावून घील."

तिला वाईट वाटू नये म्हणून मी गप्प आहे, असं इतकी वर्षं स्वतःला समजावत होतो. खरं म्हणजे मी भ्यायलो होतो, आणि माझी ती भीतीसुद्धा तिनेच सांभाळली.

तिचा तांब्या रांजणावर पालथा होता. तो भरून मी त्या दगडांमध्ये ओतला. माती तेवढी ओली झाली.