शानगन वर गेला नाही

माझा थोरला भाऊ लुआन शानगन सतरा वर्षांचा होता, तेव्हा लढाऊ विमानांसाठी पोरं निवडणारी माणसं आमच्या तालुक्याच्या शाळेत आली. तीनशे पोरांतून चार उरली, त्यात दादा. शेवटची तपासणी तीन महिन्यांनी होती. जाता जाता डॉक्टर त्याला म्हणाला, "अंगावर एक नवा ओरखडा दिसला तरी घरी पाठवीन. जप."

आईने तेवढंच धरून ठेवलं. त्याला विळ्याला हात लावू देईना, चुलीपाशी बसू देईना, डोंगरावर सरपणाला जाऊ देईना. त्याची सगळी कामं माझ्याकडे आली. मी चौदा वर्षांची होते. बैलासाठी कडबा तोडायचं एक लांब पातं आमच्याकडे होतं. एकाने पेंढी पुढे सरकवायची, दुसऱ्याने पातं खाली दाबायचं. पेंढी नेहमी दादा सरकवायचा. त्या दिवशी मी सरकवत होते आणि पातं आईच्या हातात होतं. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं कडब्यात पडली.

आई ओरडली तसे बाबा धावत आले. रक्त बघून त्यांनी आधी दादाकडे पाहिलं. तो दारात पुस्तक घेऊन उभा होता. "तुला नाही ना लागलं?" त्यांनी विचारलं. मग माझा हात फडक्यात गुंडाळला. आई रडत होती, पण रडता रडताच पुटपुटली, "नशीब, पोराची नाही गेली." तिला वाटलं, मी बेशुद्ध आहे.

दादा निवडला गेला. गावाने त्याच्या छातीवर लाल कागदाचं मोठं फूल लावलं, ढोल बडवत त्याला बसपर्यंत सोडलं. माझं लग्न चार वर्षांनी झालं, आमच्याच गल्लीतल्या एका विधुराशी. तो माझ्याहून सोळा वर्षांनी मोठा. लग्न जुळवणारी बाई आईच्या तोंडावर म्हणाली, "आठ बोटांच्या पोरीला याहून बरा कुठून आणू?" माहेर चार दारांवर, म्हणून आईबाबांची दुखणीखुपणी पुढे माझ्याच अंगावर पडली.

दादा ईशान्येच्या थंडीत उडायला शिकला. दुसऱ्या वर्षी त्याच्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा विमानासकट बर्फात घुसला. दुपारी त्याचं जे सापडलं ते गोळा केलं आणि दुसऱ्या सकाळी सगळ्यांना पुन्हा उडवलं, मनात भीती बसू नये म्हणून. हे त्याने मला लिहिलं. आईच्या पत्रात लिहिलं, "जेवण चांगलं आहे, वजन वाढलंय."

बारा वर्षं त्याने लढाऊ विमानं उडवली. मग एकतिसाव्या वर्षी त्याला अंतराळवीर होण्यासाठी निवडलं. त्याच्याच तुकडीतला छू जिनहायही निवडला गेला. दोघांची घरं एकाच जिन्यावर, समोरासमोर. जिनहायच्या बायकोला बाळंतपणात रक्त लागलं, ते दादाने दिलं होतं. इतकी दोस्ती.

त्यानंतर दादा आमच्या हाती लागला नाही. गरगर फिरवणाऱ्या यंत्रात बसवायचे, अंग आठपट जड व्हायचं, डोळ्यांतलं पाणी कानांकडे वाहायचं. तीन तीन दिवस एकट्याला कोंडून झोपू द्यायचे नाहीत. हे सगळं पेइलान वहिनीने मला सांगितलं, तेही फार नंतर. यान वर जायचं, त्यात दादा नसायचा. पुढच्या वेळी तो राखीव असायचा, म्हणजे सगळी तयारी करायची आणि दुसऱ्याला निरोप द्यायचा.

अशाच एका निवडीच्या वेळी बाबा गेले. मी फोन केला. वहिनी म्हणाली, "शिऊ, परीक्षा चालू आहे त्याची. आत्ता सांगितलं तर दहा वर्षं मातीत जातील."

"आणि बाबा कशात चाललेत, वहिनी?"

तिने फोन ठेवला. दादा आला तेव्हा बाबांच्या थडग्यावर गवत उगवलं होतं. ती निवडही हुकली होती.

त्याच्या पंचेचाळिसाव्या वर्षी अखेर त्याचं नाव वर जाणाऱ्या तिघांत लागलं. राखीव जिनहाय होता. नावं बाहेर फोडायची नसतात, पण दादाने आईला फोन केला आणि एवढंच म्हणाला, "आई, यंदा नक्की."

दोन महिने उरले असताना, सकाळी धावून आल्यावर तो जिनहायला म्हणाला, "डाव्या बाजूला कळ येते रे. दोन दिवस झाले."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"वेड लागलंय का? आता?"

जिनहायने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दुपारी जाऊन वर कळवलं. तपासणीत मूत्रपिंडात बारीकसा खडा निघाला. दादाचं नाव कापलं, जिनहायचं लागलं.

दादा जिना ओलांडून त्याच्या दारात गेला. जिनहाय म्हणाला, "वर गेल्यावर तू गडाबडा लोळला असतास, तर त्या दोघांनी काय करायचं होतं? मी खोटं सांगितलं का?"

"नाही."

"मग दारात का उभा आहेस? चहा घेतोस?"

दादाने चहा घेतला. वहिनी म्हणते, तिला सगळ्यात जास्त राग त्या चहाचा आला. यान सुटलं त्या दिवशी दादा ओळीत उभा राहून टाळ्या वाजवत होता.

आदल्या दिवशी त्याने मला फोन केला होता. "आईला सांगू नकोस. तिला वाटू दे, मीच गेलोय."

आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, कानांनीही कमी ऐकू यायचं. टीव्हीसमोर गल्लीतल्या बायका जमल्या. "आजी, चाललं बघा तुमचं पोरगं!" त्या ओरडत होत्या आणि एकमेकींना कोपरं मारत होत्या, कारण पडद्यावरची नावं त्यांना वाचता येत होती. शेजारची हुइझन माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "का गं, तुझ्या दादाखालची शिडी कुणी ओढली?"

बायका गेल्या. मी आईसाठी मक्याच्या पातळ पोळीत कांद्याची पात गुंडाळत होते. आई हसत होती. कितीतरी वर्षांनी तिने माझा डावा हात चाचपून धरला आणि म्हणाली, "बघ शिऊ, तुझी बोटं वाया नाही गेली."

मी हात सोडवून घेतला. तिच्या कानाशी वाकले आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "आई, तो त्यात नाही. त्याला काढून टाकला. दुसराच वर गेलाय."

तिने पुन्हा विचारलं नाही. टीव्ही बंद कर म्हणाली. पोळी तशीच राहिली. त्यानंतर ती दिवसाला वाटीभर पेजेच्या पुढे गेली नाही. दादाचा फोन आला की मान फिरवायची. थंडी सरायच्या आत ती गेली. मी सांगितलं नसतं तर ती जगली असती का, ठाऊक नाही. पण सांगताना मला बरं वाटलं होतं, हे मी नाकारत नाही.

दादा या वेळी वेळेवर आला. माती दिल्यावर अंगणात आम्ही दोघंच उरलो.

"मी नको म्हटलं होतं. का सांगितलंस तिला?"

तिने माझा हात धरून काय म्हटलं, ते मी सांगितलं. पांढरा शोकाचा कपडा त्याला तोकडा होत होता.

"तुझी बोटं मी तोडली नव्हती," तो म्हणाला.

"नाही. तू दारात उभा होतास."

तो उठला आणि दुपारच्या बसने निघून गेला.

तीन वर्षांनी आईबाबांच्या थडग्यावर दगड बसला. दादाने तो तालुक्याला घडवून घेतला, सगळं परस्पर फोनवर ठरवलं. आमच्या गावात आता मुलींचीही नावं कोरतात, हुइझनचं तिच्या आईबापांच्या दगडावर आहे. आमच्या दगडावर दादाचं नाव आहे, वहिनीचं आहे, त्यांच्या मुलीचं आहे. कारागिराने मला विचारलं होतं, "ताई, तुमचं राहिलं का? फोन करून बघू?" त्याने माझ्यासमोरच दादाला फोन लावला, बोलला, आणि हत्यारं पिशवीत भरली.

"काय म्हणाले?"

"यादी बरोबर आहे म्हणाले," तो म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारली.