ऊन रुमाल

रत्नागिरीत डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारा खलाशी बसला होता. पापण्या माझ्यासारख्याच लाल, सुजलेल्या. चहाच्या ग्लासाला रुमाल गुंडाळून ऊन करायचा आणि पापण्यांवर ठेवायचा.

"तुमचा द्या, शेकून देतो," तो म्हणाला.

ऊन रुमाल ठेवून डोळे मिटल्यावर मी कुणालाच न सांगितलेलं बोलून गेलो. "आई गेली तेव्हा मला टिपूसही आलं नाही. भाऊ अजून बोलून दाखवतो. डोळे कोरडे असतात हे खरं, पण तेवढंच कारण होतं का, मलाच कळत नाही."

तो हसला. "माझे दिसभर गळतात. बायको विचारते, 'आज कोण गेला?' डोळ्यांचा काय धरून बसलाव?"

माझा रुमाल निवला, तसा त्याने तो पुन्हा ऊन करून दिला. त्याखाली बराच वेळ आई तांदळाची भाकरी थापताना दिसत राहिली.