टाच मोडली तेव्हा

कळंबच्या आमच्या घराच्या टिनावर माकडांनी धिंगाणा घातला, म्हणून मी काठी घेऊन शिडीने वर चढलो. माकडं पळाली, पण जाताना शिडी पाडून गेली. शेजारचे रिटायर्ड कंडक्टर अंगणातून ओरडले, "सर, थांबा, शिडी लावून देतो!"

"कायले? एवढंसं तर आहे," म्हणत मी उडी मारली. शाळेत पोरांना खेळ शिकवणाऱ्या माणसाने शिडीची वाट पाहायची?

उजवी टाच फरशीवर आपटली आणि मी तिथेच बसलो.

यवतमाळच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन पाहिला. "टाचेच्या हाडाचे तुकडे झालेत. प्लेट बसवावी लागेल. पण आत्ता नाही. आधी सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडू द्या, नाहीतर जखम भरणार नाही."

घरी मी पाय उशांवर ठेवून पडलो आणि लोक भेटायला येऊ लागले. मांडी मोडली असती तर जरा मान मिळाला असता. टाच म्हटल्यावर जो तो वाकून पाहायचा आणि हिरमुसायचा. "टाचेचंबी ऑपरेशन असते काय?"

नेरहून साळा आला. "भाऊजी, काहून कापून घेता? आमच्याकडे एक बुवा आहे, तेल लावून हाड बसवते. माही मान त्यानंच बसवली."

तेव्हापासून त्याला उजवीकडे पाहायचं तर अख्खं अंग वळवावं लागायचं.

बायको भावावर उखडली, "त्या बुवाले म्हन, आधी माही मान सरळ कर. मंग भाऊजीच्या पायाले हात लाव."

ती रोज सकाळी माझी टाच निरखायची. एक दिवस ओरडली, "पडल्या! सुरकुत्या पडल्या!" माझ्या म्हातारपणाच्या खुणांवर ती इतकी खूश झालेली मी कधी पाहिली नव्हती.

ऑपरेशनच्या वेळी कमरेखालचं अंग बधिर होतं, पण मी जागा होतो. पडद्यापलीकडे ड्रिल घरघरत होतं, जणू सुतार दाराला बिजागरी बसवतोय. मी धीर करून विचारलं, "डॉक्टर, सगळं ठीक?"

"सर, जरा गप्प. स्क्रू लावतोय."

पुढचे काही महिने पाय टेकवायला बंदी होती. मैदानभर पोरांना पळवणारा मी वॉकर धरून लंगडी घालत संडासाला जायचो, आणि कंडक्टर कुंपणावरून "चलू द्या, चलू द्या!" म्हणायचे.

आता मी चालतो. सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही, पण शेताच्या धुऱ्यावर, त्या उंचसखल बांधावर, पाय आडवा वळत नाही. परवा बायको धुऱ्यावर माझ्या पुढे चालली होती. मधेच थांबली आणि तुरीच्या शेंगा चाचपत उभी राहिली. तिला तुरीतलं ओ की ठो कळत नाही. मी हळूहळू तिच्यापाशी पोहोचलो आणि म्हणालो, "चांगल्या भरल्या यंदा."

"हो ना," ती म्हणाली.