भैरवी शेवटच्या भागात

शास्त्रीय संगीताच्या प्रसाराची एवढी तळमळ असलेला आणि त्याच तळमळीने एवढे श्रोते पळवून लावलेला माणूस आमच्या गोंदिया जिल्ह्यात माझ्या साडूंखेरीज दुसरा सापडायचा नाही. उभा जन्म त्यांनी रेल्वेत तिकिटं तपासण्यात घालवला, आणि निवृत्त झाल्यावर नवख्या लोकांना गाणं कळावं म्हणून पॉडकास्ट सुरू केला. त्याचं नाव 'कान इकडे'. नावातच दटावणी होती. आत शिरल्यावर तर थेट दंडच. पहिल्या भागात त्यांनी चाळीस मिनिटं फक्त 'सा' म्हणजे काय ते सांगितलं आणि शेवटी बजावलं, की ज्यांना हे कळलं नाही त्यांनी दुसरा भाग ऐकू नये. लोकांनी ही आज्ञा तंतोतंत पाळली. आमगावच्या बाजारात कुणी भेटून सौजन्याने म्हणालं, "तुमचा पाचवा भाग ऐकला, छान होता," की साडू त्याला बाजूला घेत आणि विचारत, "चौथा ऐकला का? नाही? मग पाचव्यात चढलातच कसे?"

ध्वनिमुद्रण माझ्याकडे असे. साडूंच्या घरी मागे तांदळाची पोती ठेवायची खोली आहे. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही, असा त्यांचा शोध. दोन थप्प्यांच्या मधल्या बोळात ते पेटी घेऊन बसत आणि मी पोत्यावर मांडी घालून मोबाइल धरत असे. भाताच्या कोंड्याने मला शिंक आली की अख्खा भाग पहिल्यापासून. अभ्यासक्रम मोठा शिस्तीचा होता. सुरुवात भूपाने, मग महिना-दीड महिना एकेक राग, असं करत पाच वर्षांनी भैरवी. भैरवीवर त्यांचा भारी जीव. प्रत्येक भागात तिचं कौतुक करायचे आणि लगेच बोट नाचवून सांगायचे, "पण ती शेवटच्या भागात! भैरवी झाली की मैफल संपली. तिच्यानंतर गाणं नाही."

मग त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा गोंदियाला डायलिसिस सुरू झालं. गाडी मी चालवायचो. पहिल्या दिवशी मी तोंड पाडून बाहेर बसलो होतो. चार तासांनी आत गेलो तर साडूंचा चेहरा उजळलेला. "साडूभाऊ," ते माझ्या कानात म्हणाले, "सहा माणसं! चार-चार तास मशीनला बांधलेली! एकही उठून जाऊ शकत नाही!"

पुढच्या खेपेपासून त्यांनी आपले भाग मोबाइलवर त्या खोलीत ऐकवायला सुरुवात केली. यंत्राचा इशारा वाजला की ते दुःखी होत. यंत्र काळी दोनमध्ये बोंबलतं आणि आपला भूप पांढरी एकमध्ये, हे त्यांना सहन होईना. शेवटी घरी येऊन त्यांनी सगळे भाग काळी दोनच्या पट्टीत पुन्हा गायले. मी पोत्यावर, ते पोत्यांमध्ये, आणि आमच्या मेव्हणीबाई दारात उभ्या राहून आम्हा दोघांना वेडे म्हणत. आणि हाताने तान दाखवायची खोड! डाव्या हातात दोन जाड सुया, नळ्यांतून रक्त फिरतंय, आणि हे तोच हात उचलून हवेत भोवरा काढणार. लगेच यंत्र ओरडे आणि सिस्टर धावत येई. "अंकल, हाथ मत हिलाओ!" त्यावर हे शांतपणे, "हात न हलवता तान कशी कळणार, बेटा?"

पण त्या खोलीतून लोक उठून जात. त्यांची जायची वाट तेवढी वेगळी होती. देवरीहून एस्टीने येणारा एक अबोल माणूस यमनाच्या मध्येच दिसेनासा झाला. साडू रागावले. "बघा! तिसऱ्या भागात सोडून गेला." सिस्टरने हळूच सांगितलं, की तो सोमवारी वारला. साडूंनी मोबाइल बंद केला. मग म्हणाले, "त्याचा अंतरा राहिला ऐकायचा." मला हसू आलं, आणि आलं म्हणून पुढे दोन दिवस जेवण गेलं नाही.

त्यांच्या शेजारच्या खाटेवर दवनीवाड्याच्या शेवंताबाई असत. धानाच्या बांधीत रोवणी करून कंबर वाकलेली, अंगाने काडी, जीभ मात्र धारदार. आल्या आल्या "जय भीम, मास्तर" म्हणायच्या आणि सुया टोचून होईपर्यंत साडूंची खेचायच्या. "मास्तर, तुमचं गानं बरं आहे जी. पन तुमी गान्याच्या मधात बोलून कायले राहता?" अख्ख्या खोलीत सगळे भाग ओळीने ऐकलेली ती एकटी, म्हणून साडू तिला मान देत. एके दिवशी तिने विचारलं, "ते भैरवी भैरवी करून राहिले तुमी, ते कवा येनार?"

"क्रमाने. अजून साडेतीन वर्षं."

शेवंताबाई खोकून खोकून हसल्या. "साडेतीन साल! मास्तर, जरा बाजूच्या खाटा पाहा ना. तुमी गोड शेवटी वाढाले ठेवून राहिले, अन् लोकं पंगतीतून उठून राहिले."

"शिस्त म्हणून काही असते, बाई."

"मंग ठेवा तुमची शिस्त. पन मी गेल्यावर माह्या खाटेले नका ऐकवू."

त्यानंतर दोन खेपा साडूंनी मोबाइल बाहेर काढला नाही. मी गाडीत म्हणालो, "एवढं काय, साडूभाऊ? पाच मिनिटांची तर भैरवी. म्हणून टाका." त्यांनी खिडकीची काच वर केली. घरी मी हे सांगितलं तेव्हा मेव्हणीबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "शिस्तीपायी अडवून नाही ठेवली त्यांनी भैरवी," त्या म्हणाल्या. "आजार निघाल्यापासून घरातही भैरवी बंद आहे. पूर्वी सकाळी दात घासताना सुद्धा गुणगुणायचे. ती म्हटली की आपलंही संपलं, असं डोक्यात घेऊन बसलेत. मी विषय काढत नाही; तुम्हीही काढू नका." पाच वर्षांचा तो अभ्यासक्रम श्रोत्यांसाठी नव्हता, हे मला तेव्हा कळलं. मधे जेवढे राग, तेवढं आयुष्य, असा त्यांनी हिशेब मांडला होता.

पुढच्या वेळी शेवंताबाईंना मुलाने उचलून आणलं. तोंड सुजलेलं, श्वास लागलेला. "जय भीम" सुद्धा झालं नाही. यंत्र सुरू झालं. तासाभराने तिने डोळे उघडले आणि साडूंकडे नुसतं पाहिलं. मागितलं काहीच नाही. ती गप्प राहिली, हेच साडूंना सहन झालं नसावं. त्यांनी मोबाइल काढला नाही; त्यात भैरवी नव्हतीच. उशीवर डोकं टेकलेलं तसंच ठेवून, यंत्राच्या पट्टीत, त्यांनी षड्ज लावला. आवाज फाटत होता, श्वास दर ओळीला तुटत होता, आणि मला सांगायला लाज नाही, मी तोवर त्यांचं इतकं चांगलं गाणं ऐकलं नव्हतं. हात मात्र त्यांनी जराही हलवला नाही. सिस्टर दारातच थबकली. भैरवी संपली तेव्हा साडूंनी डोळे गच्च मिटून घेतले होते, आता काहीतरी कोसळणार अशा तयारीने.

"एवढंच?" शेवंताबाई म्हणाल्या.

साडूंनी डोळे उघडले.

"मले वाटलं, भलतंच कायतरी असन. बरं आहे, गोड आहे. आता पुढचं म्हना."

"बाई, भैरवीनंतर काही नसतं."

"काऊन नसते? अजून तीन घंटे बाकी आहेत मशीनचे. तवर काय भिंतीकडे पाहू?"

साडूंनी माझ्याकडे पाहिलं, यंत्राच्या घड्याळाकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात त्यांना या नियमाचं कारण कुणी विचारलं नव्हतं. मग त्यांनी भूप धरला. भर दुपारी, वेळेबाहेर, आणि तोही भैरवीच्या पाठीवर! शेवंताबाई ऐकता ऐकता झोपल्या. तीन तास ते थांबत, पाण्याने ओठ ओले करत, पुन्हा काहीबाही म्हणत राहिले.

त्यानंतर शेवंताबाई दोनदाच आल्या. तिसऱ्या खेपेला त्या खाटेवर नवेगाव बांधचा एक तरुण होता, घाबरून पांढरा पडलेला. साडूंनी त्या दिवशी मोबाइल खिशातच ठेवला. परतताना आमगाव आलं तेव्हा म्हणाले, "सगळं पुन्हा करायचं. पहिल्यापासून."

म्हणून आम्ही परवा पुन्हा पोत्यांच्या खोलीत बसलो. पेटी आता त्यांना ओढवत नाही; मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर भागतं. नवा पहिला भाग त्यांनी प्रस्तावनेशिवाय सुरू केला, सरळ भैरवीने. ती झाल्यावर दम खात, पूर्वीच्या मानाने फारच हळू आवाजात ते म्हणाले, "ही भैरवी. एरवी शेवटी म्हणतात. तुम्ही नवीन आहात, आधी हे ऐकून घ्या. वेळ उरला तर बाकीचं पाहू."

त्यांची छाती भात्यासारखी हलत होती. मी हाताने 'पुरे' अशी खूण केली. त्यांनी ती पाहिली, मान हलवून नाही म्हटलं, आणि पुढचं गाणं सुरू केलं.