शेवंताबाईच्या गल्लीचा ताप

शेवंताबाईचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नाही, सोनारावर नाही आणि हातात कागद घेऊन येणाऱ्यावर तर मुळीच नाही. त्याला कारणही होतं. प्लेगच्या साली माहेरी घरात ताप निघाला, तर दारावर लाल फुली पडली आणि चार दिवसांत सगळ्यांना बाहेर काढलं. ते घर तिला पुन्हा दिसलं नाही.

म्हणून सदुसष्टच्या उन्हाळ्यात शाळेत भूगोल शिकवणारे भोजराज मास्तर मध्य प्रदेशातल्या त्यांच्या बालाघाट गावाचा नकाशा नि लाल-हिरव्या पेन्सिली घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा तिचा बिडी वळणारा हात थांबला. मास्तर हिंदी बोलणारे. म्हणाले, "बाई, आपकी गली का ताप नापना है."

"आमच्या घरी कोनालेच ताप नाही," शेवंताबाई फटकन म्हणाली.

मास्तर हसले, आणि तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी ओसरीच्या खांबाला पाऱ्याची नळी टांगली आणि आठ दिवस रोज दुपारी येऊन आकडा लिहीन म्हणाले. अशीच नळी दवाखान्यात तापकऱ्याच्या तोंडात घालतात, हे तिनं पाहिलं होतं. सून ललिता म्हणाली, नगरपालिकेचं काही काम असेल. पण शेजारच्या पुनारामनं शपथेवर सांगितलं, मागच्या गल्लीवर मास्तरनं लाल पेन्सिल फिरवली. झालं! आता हे घरही जाणार, याबद्दल बाईला शंकाच उरली नाही.

बिडीची तेंदूपानं नरम राहावी म्हणून ती ओल्या पोत्याखाली ठेवायची. तेच पोतं ती रोज जेवणं झाली की नळीला गुंडाळायची, आणि मास्तरांच्या सायकलची घंटी ऐकली की ओढून घ्यायची. वर टिनाचं छप्पर तापलेलं, ललिताची तान्ही पोर घामोळ्यांनी किरकिरून राह्यलेली, पण नळी गार. मास्तर आकडा बघून डोकं खाजवायचे. शोध म्हणावं आता ताप, शेवंताबाई मनातल्या मनात म्हणायची.

नवव्या दिवशी नकाशात गल्ली हिरवी झाली. तिनं घरोघर गूळ वाटला.

आषाढात हातगाडीवर कडुनिंबाची रोपं आली आणि मागच्या गल्लीत दारोदार लागली. हिच्या गल्लीवरून मात्र गाडी सरळ पुढं गेली. शेवंताबाई पदर खोचून मागं धावली. "आमाले झाडं काहून नाही?"

गाडीबरोबर नकाशा घेऊन चाललेल्या मास्तरांनी अर्ध्यामुर्ध्या मराठीत समजावलं. ताप म्हणजे उन्हाची गरमी. जिथं जास्त तिथं लाल, आणि लाल तिथं सावलीला झाड. तुमची गल्ली तर गावात सगळ्यात थंड.

शेवंताबाई तडक घरी गेली आणि ते ओलं पोतं आणून सगळ्यांदेखत मास्तरांपुढं टाकलं.

"तुमच्या नकाशातलं हिरवं हे आहे, गुरुजी. माह्या नातीचं अंग भाजून राह्यलं. लाल करा."

मास्तरांनी पेन्सिल तिच्याच हातात दिली. जन्मभर जिला भ्यायली, ती लाल फुली शेवंताबाईनं आपल्या हातानं नकाशातल्या आपल्या घरावर मारली. गाडीत तोवर एकही रोप उरलं नव्हतं.